टाइप-१ मधुमेह असलेली मुलगी आणि दोन शिक्षिकांची शाळा : सत्तरीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेतलं आहे. पहिली ते चौथी मिळून वीसेक मुलं, दोन शिक्षिका, त्यांतल्याच एक मुख्याध्यापिका. भिंतीला भिंत लागून अंगणवाडी. गोव्याच्या गावांत अशा शाळा पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर पटसंख्येचं सावट कायम असतं. दोघींपैकी एक बैठकीला गेली की चारही वर्ग दुसरीच्या हातात. हे आधीच सांगते, कारण पुढचे बरेचसे निर्णय या एका गोष्टीभोवती फिरले.

मुलीचं आणि गावाचं नाव देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. घरची तिला बाय म्हणतात, इकडे घरोघरी म्हणतात तसं. मीही तेच वापरते. त्या वर्षी ती दुसरीत जाणार होती.

एप्रिल-मेच्या सुट्टीत बाय सारखं पाणी मागू लागली. रात्री दोन-तीनदा उठायची, कधी अंथरूण ओलं व्हायचं. फ्रॉक सैल होऊ लागले. घरच्यांना वाटलं, उन्हाळा आहे. मग एके दिवशी उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला, म्हणून आधी जवळच्या आरोग्य केंद्रात आणि तिथून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेलं. रक्तातली साखर प्रचंड वाढली होती आणि रक्तात आम्ल साचलं होतं. निदान झालं टाइप-१ मधुमेहाचं.

या आजाराबद्दल गावात, शाळेत आणि शिकलेल्या घरांतही इतके गैरसमज आहेत की थोडं थांबून सांगायला हवं. टाइप-१ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्यानं तो होत नाही, आईबापांच्या हलगर्जीपणानं होत नाही आणि गोळ्यांनी, काढ्यानं किंवा पथ्यानं जात नाही. इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. ते थांबलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. ते नीट मिळालं तर मूल पळू शकतं, पोहू शकतं, लग्नाच्या पंगतीला बसू शकतं.

बायला प्रत्येक जेवणाआधी एक आणि रात्री एक, अशी इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली. गोमेकॉतून घरी सोडण्यापूर्वी आईला इन्सुलिनचं पेन, म्हणजे मात्रा फिरवून लावायचं पेनासारखं इंजेक्शन, वापरायला शिकवलं होतं. वडील खासगी बसवर ड्रायव्हर, पहाटे निघून रात्री परतणारे. आई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. घरी आजी, पण तिच्या डोळ्यांना पेनावरचे आकडे दिसत नाहीत.

शाळा सकाळी आठला भरते, एकला सुटते. मधली सुट्टी साडेदहाला आणि तेव्हाच माध्यान्ह आहार, बहुतेक दिवशी पाव-भाजी. म्हणजे शाळेच्या वेळेत एक तपासणी आणि एक इंजेक्शन. मागणी एवढीच होती.

“बरी झाली की पाठवा”

जूनमध्ये आई शाळेत गेली. मुख्याध्यापिकांनी आस्थेनं सगळं ऐकलं, डोळ्यांत पाणीही आलं, आणि म्हणाल्या, “तिला आधी पुरी बरी होऊ दे, मग पाठवा. आम्ही पटावरून नाव काढत नाही.”

शाळा मुलाला नाकारते तेव्हा ‘नाही’ हा शब्द फार क्वचित येतो. तो काळजीच्या रूपात येतो. इथे तर आजार असा की तो पुरता बरा होणारच नव्हता, त्यामुळे या वाक्याचा अर्थ ‘कधीच पाठवू नका’ असा होत होता. मुख्याध्यापिकांना तो अभिप्रेत नव्हता, हे मी खात्रीनं सांगते. पण आईनं तो तसाच ऐकला. तिनं कामावर खाडा केला, मग आणखी काही दिवस, आणि शेवटी कंत्राटदारानं तिच्या जागी दुसरी बाई घेतली. जून संपत आला तरी बाय घरीच होती.

हे बाहेर आलं अंगणवाडी सेविकेमुळे. बाय तीन वर्षांची असल्यापासून तिच्याकडे होती. ती गृहभेटीला गेली तेव्हा शाळेच्या वेळेत मुलगी पायरीवर बसलेली दिसली. मी बालहक्क आणि सर्वसमावेशक शिक्षण या विषयावर शाळा-अंगणवाड्यांबरोबर काम करते. सेविकेची माझी ओळख एका प्रशिक्षणातली. तिनं फोन केला.

कायद्यात रकाना नव्हता

मुख्याध्यापिकांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता : “ही मुलगी कुठल्या योजनेत बसते?”

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं दिली आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात आहेत, टाइप-१ मधुमेह नाही. म्हणून प्रमाणपत्र नाही, विशेष शिक्षिकेची भेट नाही, शाळेच्या माहितीपत्रकात तिच्यासाठी रकाना नाही. शाळेच्या लेखी बाय एकतर पूर्ण ‘सामान्य’ होती किंवा आजारी म्हणून घरी बसवण्याजोगी. मधली जागाच नव्हती.

पण शिकण्याचा हक्क या यादीवर टांगलेला नाही. राज्यघटनेच्या कलम २१-अ नं आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला तो दिला आहे, आणि त्यात ‘निरोगी’ असं विशेषण कुठेही नाही. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ पासून आहे. १८ वर्षांखालचा प्रत्येक जण त्यात मूल. भारतानं १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारात शिक्षण आणि आरोग्य तर आहेच, शिवाय कलम ३१ मध्ये खेळाचा आणि कलम १२ मध्ये स्वतःविषयीच्या निर्णयांत आपलं म्हणणं मांडण्याचा हक्कही आहे. ही दोन कलमं पुढे फार उपयोगी पडली. सीबीएसईनं २०१७ पासून टाइप-१ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ सोबत नेऊ दिला आहे, आणि राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ साली राज्यांना पत्र लिहून अशा मुलांना शाळेत साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला आणि मधला खाऊ खायला मोकळीक द्यावी, असं सांगितलं. म्हणजे वाट नव्हती असं नाही. गावच्या शाळेपर्यंत ती पोचली नव्हती, इतकंच.

मुख्याध्यापिकांपुढे कायद्याची पुस्तकं आपटण्यात अर्थ नव्हता. त्या नियम मोडत नव्हत्या, घाबरल्या होत्या. भीतीवर उपाय माहितीचा असतो. म्हणून भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची की आधी शाळेशी बोलायचं, या पहिल्याच वळणावर आम्ही दुसरा मार्ग धरला. तक्रारीनं बाय दुसऱ्या दिवशी वर्गात बसली असती, पण तिच्या दंडाला हात लावायला कोणी धजलं नसतं.

पहिली व्यवस्था आणि ती का मोडली

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाय शाळेत आली. ठरलं असं : आई साडेदहाला येईल, मुख्याध्यापिकांच्या खोलीत साखर तपासून इंजेक्शन देईल, बाय तिथेच बसून घरचा डबा खाईल. पाव-भाजी नको, कवायत नको, पळणं नको. ग्लुकोज पावडरचा डबा कपाटात.

कागदावर हे सुरक्षित दिसतं. प्रत्यक्षात सगळा भार आईवर पडला. साडेदहाला अर्धा तास शाळेत हजर राहायचं म्हटल्यावर तिला कुठलंही काम मिळणं शक्य नव्हतं. आणि बायचा दिवस असा झाला की ज्या अर्ध्या तासासाठी मुलं शाळेत येतात, तोच तिच्याकडून गेला.

ऑगस्टमध्ये, १५ तारखेच्या तयारीच्या दिवसांत, एका सकाळी दहाच्या सुमाराला बायनं बाकावर डोकं टेकलं. वर्गबाईंना वाटलं, झोप आली असेल. शेजारच्या मुलीनं सांगितलं, “बाई, हिचे हात कापतात.” अंगाला घाम होता. साखर खाली गेल्याची ही अगदी पाठ्यपुस्तकी लक्षणं. पण ती काय असतात हे वर्गबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. सगळी माहिती मुख्याध्यापिकांना दिलेली, आणि त्या दिवशी त्या तालुक्याच्या गावी, वाळपईला, बैठकीत. कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये. सुदैवानं माध्यान्ह आहाराची भांडी घेऊन स्वयंसाहाय्य गटाच्या बाया नुकत्याच पोचल्या होत्या. त्यांतली एक धावत शेजारच्या घरून साखर घेऊन आली. पाण्यात विरघळवून पाजली आणि काही मिनिटांत मुलगी ताळ्यावर आली.

दुसऱ्या दिवशी शाळेनं हमीपत्राचा मसुदा पुढे केला : मुलीला शाळेत काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, अशी पालकांनी सही करावी.

समोर असलेले पर्याय

हमीपत्रावर सही करून विषय मिटवावा, असं वडिलांना वाटत होतं. मी विरोध केला. असं पत्र दिल्यानं शाळेच्या वेळेत मूल सुरक्षित ठेवण्याची शाळेची जबाबदारी संपत नाही. फक्त आपण सुटलो असा समज होतो आणि मग कोणी काही शिकायची तसदी घेत नाही. त्याऐवजी संमतीपत्र हवं. कोण, काय, किती आणि केव्हा देईल हे त्यात लिहिलेलं असावं आणि पालकांनी त्याला संमती द्यावी. दोन्ही कागदांवर सही पालकांचीच, पण एक कागद हात झटकतो आणि दुसरा हात पुढे करतो.

घरी बसवून शिकवण्याचा पर्याय एका नातेवाइकानं सुचवला. तो फार वेळ चर्चेत राहिला नाही. सात वर्षांच्या, चालत्या-बोलत्या, वाचनात वर्गात पुढे असलेल्या मुलीला घरात ठेवण्याचं एकही कारण तिच्या आजारात नव्हतं.

मधल्या सुट्टीतलं इंजेक्शन टाळता येईल का, हा प्रश्न महत्त्वाचा होता. मधल्या सुट्टीत पिष्टमय काही खाल्लंच नाही, म्हणजे पाव नाही, फक्त अंडं किंवा काकडी, तर इंजेक्शनची गरज पडत नाही. शाळेच्या दृष्टीनं हा सगळ्यांत सोपा मार्ग. गोमेकॉतल्या डॉक्टरांनी तो नाकारला. वाढत्या वयाच्या मुलीला शाळेच्या सोयीसाठी रोज अर्धपोटी ठेवायचं का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. शिवाय सकाळच्या इन्सुलिनचा असर आणि मुलांची धावपळ एकत्र आली की साखर खाली जाण्याची भीती वाढतेच.

आरोग्य केंद्राच्या नर्सनं रोज यावं, हे बोलायला ठीक. तिच्याकडे किती गावं असतात हे ज्याला ठाऊक आहे तो असं सुचवणार नाही.

उरला शाळेतल्याच कोणी शिकण्याचा पर्याय. इथे वर्गबाईंची भीती खरी होती आणि तिला मान द्यायला हवा होता. “माझ्या हातून जास्त गेलं तर?” पेनानं इन्सुलिन देणं कुठल्याही मोठ्या माणसाला शिकता येतं, बायच्या आईलाही वॉर्डात काही दिवसांत यायला लागलं होतं. पण शिकता येतं म्हणून शिक्षिकेवर सक्ती करावी, हे मला मान्य नव्हतं. धाकानं घेतलेली सुई मुलाच्या हिताची नसते. म्हणून आम्ही दोन कामं वेगळी केली. साखर खाली गेल्याची लक्षणं ओळखणं आणि लगेच गोड देणं हे शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला यायलाच हवं, त्यात निवड नाही. इंजेक्शन मात्र जो आपणहून तयार होईल त्यानंच द्यावं. अंगणवाडी सेविका लगेच तयार झाली. वर्गबाईंनी वेळ मागितला.

मुलीला विचारलं तेव्हा

इथवर सगळ्यांचं म्हणणं झालं होतं. मुलीचं नाही. ऑगस्ट संपत आला तोवर तिला कोणीही विचारलं नव्हतं की तुला काय हवंय. सात वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं कोणी म्हणालं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

सेविकेनं अंगणवाडीत तिला जवळ बसवून, चित्र काढता काढता विचारलं. आमचा सगळ्यांचा कयास होता की तिला सुईची भीती वाटत असणार. ती म्हणाली, सुई बारीक आहे, आता दुखत नाही. मग म्हणाली, “माका ऑफिसात खावक नाका. हांव हांगाच बसतलें.” (मला ऑफिसात खायला नको. मी इथेच बसणार.) तिला तिच्या मैत्रिणीशेजारी पंगतीत बसायचं होतं. पाव-भाजी खायची होती. आणि तिरंग्याच्या कवायतीत आपल्याला का घेतलं नाही, ते तिला जाणून घ्यायचं होतं.

या उत्तरानं प्रश्नाचं रूपच बदललं. तोवर आम्ही ‘मुलीला सुरक्षित कसं ठेवायचं’ यावर डोकं चालवत होतो. सुरक्षित ठेवण्यासाठी जे जे केलं होतं, त्यातल्या निम्म्या गोष्टी तिला वेगळं पाडत होत्या आणि सुरक्षिततेत त्यांनी काही भरही घातली नव्हती. खोलीत बसवल्यानं साखर खाली जायची थांबली नव्हती. उलट, लक्षण आधी ओळखलं ते शेजारी बसलेल्या मुलीनं. पंगतीत, मुलांच्या मधोमध बसलेली बाय बंद खोलीतल्या बायपेक्षा अधिक सुरक्षित होती.

अडचण आली घरून. आजीचं म्हणणं, हे चार मुलांसमोर होता कामा नये. “मुलगी आहे. उद्या हिला कोण करून नेणार?” मुलीचं मत आणि घरच्यांची गुप्तता समोरासमोर आली तर कुणाचं ऐकायचं? याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. आजाराची माहिती कुणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क कुटुंबाला आहेच. पण ज्या गोष्टीची मुलीला लाज वाटत नाही, तिची लाज तिला शिकवणं हेही नुकसानच आहे. शेवटी आईनं निर्णय दिला : तपासणी आणि इंजेक्शन अंगणवाडीत, दोन मिनिटांत, जेवण पंगतीत. मुलांना थोडक्यात आणि खरं सांगायचं. काय सांगायचं ते आधी बायला विचारायचं.

लेखी आराखडा

सप्टेंबरमध्ये चतुर्थीच्या सुट्टीनंतर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अशा समित्या बऱ्याचदा सह्यांपुरत्या भरतात. इथे ती खरोखर कामाला आली. आरोग्य केंद्राच्या नर्सनं येऊन माहिती दिली. एका पालकानं विचारलं, हा रोग दुसऱ्या मुलांना लागतो का? बरं झालं विचारलं. मनात ठेवून त्यानं मुलाची जागा बदलून मागितली असती.

आराखडा दोन पानांचा झाला. डॉक्टरांनी मात्रा लिहिली, पालकांनी संमती दिली, मुख्याध्यापिकांनी सही केली, प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना गेली. त्यातला मजकूर सांगते, कारण इतर शाळांना तो उपयोगी पडेल. मात्र प्रत्येक मुलाचे आकडे त्याच्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

साखर दर डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली, किंवा घाम, कापरं, चिडचिड, अचानक गप्प होणं यांतलं काही दिसलं की तपासणीसाठीही न थांबता गोड द्यायचं. मोठ्यांसाठी १५ ग्रॅम साखर सांगतात; बायच्या वजनाला डॉक्टरांनी त्याच्या निम्मी, म्हणजे दोन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून, लिहून दिली. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच पावडर. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन, मग आईला. हा क्रम मोठ्या अक्षरांत वर्गाच्या भिंतीवर लागला, मुलीचं नाव न घालता. मधुमेह नसलेलं मूलही चक्कर येऊन पडू शकतं, तेव्हा भिंतीवर असा कागद सगळ्यांच्याच कामाचा.

ग्लुकोज तीन ठिकाणी : वर्गात उघड्या फळीवर, अंगणवाडीत आणि बायच्या दप्तरात. कुलूप कुठेच नाही. हे सगळ्यांत साधं कलम आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं.

शाळेत फ्रीज नाही. वापरातलं इन्सुलिन पेन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं, पण मार्च-एप्रिलमध्ये सत्तरीतल्या कौलारू वर्गात तापमान त्यावर जातं. सेविकेनं मातीच्या मडक्यात ओल्या वाळूवर दुसरं लहान मडकं ठेवून त्यात पेन ठेवायची सोय केली. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत आणि भरली की आरोग्य केंद्रात परत.

पाव-भाजीचा प्रश्न आहारतज्ज्ञांनी सोडवला. त्यांनी गटाकडून येणारा पाव वजन करून पाहिला. ५० ग्रॅमच्या पावात साधारण २५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, तेवढ्याला किती युनिट इन्सुलिन ते लिहून दिलं. अळसाण्यांची किंवा हरभऱ्याची भाजी असेल तर थोडी भर. गटाच्या बायांनी आठवड्याचा बेत सोमवारीच सांगायला सुरुवात केली आणि पुलाव किंवा शिरा असेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळी निरोप. या बायांना आधी कोणी चर्चेत धरलंच नव्हतं. खरं तर ऑगस्टमध्ये साखर घेऊन धावल्या त्याही त्याच.

वाढदिवसाच्या चॉकलेटांवर बराच खल झाला. शाळेनं ठरवलं होतं की बायसाठी चॉकलेट वाटणंच बंद करू. हेतू चांगला, पण त्यामुळे ‘हिच्यामुळे आम्हाला चॉकलेट नाही’ हे वर्गात रुजलं असतं. आहारतज्ज्ञांनी सांगितलं, हिशेबात धरून तीही खाऊ शकते. मग चॉकलेट मधल्या सुट्टीच्या जेवणाबरोबर वाटायचं ठरलं, म्हणजे इंजेक्शनच्या हिशेबात ते आपोआप येतं.

कवायत आणि खेळाबाबत एकच नियम : आधी तपासणी, कमी असेल तर खाऊ, मग मैदान. ‘नको’ हा शब्द आराखड्यात कुठेही नाही.

सहलीची कसोटी

डिसेंबरमध्ये बोंडल्याच्या अभयारण्याची सहल ठरली. मुख्याध्यापिका आईला म्हणाल्या, “तुम्ही सोबत आलात तरच नेऊ.” तोवर आईला एका काजू कारखान्यात काम मिळालं होतं, आधीपेक्षा कमी पैशांचं, आणि नव्या ठिकाणी लगेच सुट्टी मागणं कठीण होतं.

इथे आम्ही थोडं ताठ राहिलो. बाकीच्या मुलांच्या आयांवर जी अट नाही ती या आईवर का? तिला यावंसं वाटलं तर यावं, पण तिचं येणं ही मुलीच्या सहलीची अट असू शकत नाही. आणि मुलगी जाऊ शकत नसेल, तर सहलीचं ठिकाण बदलावं, मुलगी वगळू नये. या बोलण्यानं थोडी कटुता आली. ती दूर झाली वर्गबाईंमुळे. सप्टेंबरपासून त्या सेविकेच्या शेजारी उभ्या राहून रोज बघत होत्या, मग मात्रा फिरवून देत होत्या, मग एक दिवस त्यांनीच इंजेक्शन दिलं होतं. त्या म्हणाल्या, “मी आहे ना बरोबर.” जंगलात मोबाईलची रेंज जाते म्हणून जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, गाडी कोण काढेल, हे आधी लिहून ठेवलं. खाऊ दुप्पट घेतला. बाय गेली.

परिणाम

पुढचं वर्ष सुरळीत गेलं. बायची हजेरी वर्गातल्या इतरांइतकीच. साखर खाली जाण्याचे प्रसंग आले, ते येणारच. पण प्रत्येक वेळी दोन चमचे ग्लुकोजवर भागलं, १०८ बोलवावी लागली नाही. तिसरीत गेल्यावर ती बोटाला टोचून तपासणी स्वतः करू लागली आणि आकडा वहीत लिहू लागली. मात्रा अजून मोठ्या माणसानंच बघायची, हे डॉक्टरांनी बजावलं आहे. मूल हुशार आहे म्हणून ही जबाबदारी लवकर त्याच्या खांद्यावर टाकण्याचा मोह होतो, तो टाळायला हवा.

सगळं जुळलं असं मात्र नाही. आईची आधीची नोकरी गेली ती गेलीच. जूनमधल्या त्या काही आठवड्यांची किंमत तिनं मोजली आणि ती भरून देणारी कुठलीही योजना नाही. इन्सुलिन सरकारी रुग्णालयातून मिळतं, पण तपासणीच्या स्ट्रिप कुटुंबाला बहुतेक वेळा विकत घ्याव्या लागतात, आणि दिवसाला चार-पाच तपासण्या म्हटल्या की महिन्याचा खर्च मोठा होतो. महिनाअखेरीला आई तपासण्या कमी करते. शाळेचा आराखडा कितीही चांगला असला तरी स्ट्रिप नसेल तर तो आंधळा. आजी अजून राजी नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी, रुग्णालयातून घरी सोडतानाच शाळेसाठी एक कागद मिळायला हवा होता. मूल घरी जातं तेव्हा त्याच्या फाईलमध्ये औषधांची यादी असते, शाळेला उद्देशून काहीच नसतं. डॉक्टरांच्या सहीचं ‘ही मुलगी शाळेत जाऊ शकते, तिला एवढं लागेल’ असं अर्धं पान जूनमध्ये मुख्याध्यापिकांच्या हातात असतं, तर ‘बरी झाली की पाठवा’ हे वाक्य बहुधा उच्चारलंच गेलं नसतं.

दुसरं, प्रशिक्षण एकाच व्यक्तीला देणं ही पहिल्या व्यवस्थेतली मुख्य खोट होती. दोन शिक्षिकांच्या शाळेत एक जण नेहमीच कुठेतरी बैठकीला असते, हे सगळ्यांना ठाऊक असूनही सगळी माहिती आणि किल्ली एकीकडेच राहिली. अशा प्रत्येक आराखड्यात पहिलं नाव लिहिताना दुसरं नाव त्याच ओळीत लिहायला हवं.

तिसरं, मुलीला विचारायला दोन महिने लागले. पहिल्या दिवशीच विचारलं असतं तर खोलीतलं जेवण, बंद केलेली कवायत, हे सगळं टळलं असतं.

आणि सेविकेबद्दल. तिच्या चांगुलपणावर ही व्यवस्था उभी राहिली, आणि मला ते मनापासून खटकतं. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन आहे. वजनं, नोंदी, पोषण आहार, गृहभेटी यांतून तिला उसंत नसते. त्यात रोजचं इंजेक्शन आलं. ती हे प्रेमानं करते म्हणून ते फुकटात गृहीत धरणं योग्य नाही. समितीनं तिच्या कामाची नोंद ठरावात घेतली आणि वरच्या कार्यालयाला कळवली, उत्तर अजून आलेलं नाही. शाळांमध्ये दीर्घ आजार असलेल्या मुलांसाठी गावागणिक प्रशिक्षित मदतनीस असावा, ही मागणी आम्ही लावून धरली आहे.

बाय आता चौथीत आहे. गोव्यात पाचवीपासून हायस्कूल सुरू होतं. तिथे वर्गात चाळीस मुलं असतील, प्रत्येक तासाला नवे शिक्षक, आणि माध्यान्ह आहाराची वेळही वेगळी. आराखडा तसाच्या तसा चालणार नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वर्गबाई, आई आणि बाय, तिघी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटून आल्या. नव्या शाळेत इंजेक्शन कुठे घ्यायचं हे या वेळी बायनं स्वतः पाहून ठरवलं : वाचनालयाशेजारची खोली, कारण तिथून कँटीन जवळ आहे. दोन शिक्षकांची नावं मार्चपर्यंत मिळायची आहेत.